यमुनेचे गाव आणि वाहनांचे शहर

ति. जानकीरामन यांच्या ‘मोगमुळ्’ या तमिळ कादंबरीविषयी मराठी वाचकांस आस्था वाटावी, याला एक घरचे कारण आहे. तिची नायिका यमुना ही तंजावरी मराठी मातेची कन्या होय. ‘मुळ्’ म्हणजे काटा. आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या यमुनेविषयीचा मोह बाबू या तरुणाच्या मनात काट्यासारखा रुतून राहतो, हे तिचे कथासूत्र. या विषम वयाच्या प्रेमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे निराळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. या कथेतील माणसांचे येणे-जाणे मुख्यतः पायी होते.

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधले कुंभकोणम हे या कथेचे प्रमुख क्षेत्र. शार्ङ्गपाणी, कुंभेश्वर, रामस्वामी ही देवळे, महामहम तळे, बाजार, सारे चालण्याच्या टप्प्यात. येथे कॉलेजात शिकणारा बाबू रंगण्णांकडे गाणे शिकतो आणि यमुनेच्या घरी जातो, तेव्हा त्यास कोणाची परवानगी वा सोय पाहावी लागत नाही. निमित्त नसतानाही दारी जाता येते, म्हणूनच मोहाला वाढावयास अवसर मिळतो. अशा गावात कोण कोणाकडे गेला हेही लपत नाही, आणि लोकनिंदेला धार येते. लेखकाने या स्वातंत्र्याची ही किंमत झाकलेली नाही, हे त्याच्या कलेचे बळ होय. पुढे यमुना मद्रासेस येते व तेथे बाबूशी तिची पुन्हा गाठ पडते. कोणी गाडी काढील तेव्हाच उंबरा ओलांडणारी यमुना आम्हांस कल्पिताही येत नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची बदली आज निराळ्या घडणीच्या शहरांत होते. चंदीगडचेच पाहा. तेथील सेक्टर साधारणतः ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब. नित्याच्या गरजा सेक्टरातच भागाव्यात ही मूळ योजना चांगलीच होती. परंतु स्नेही राहतो तो पाच सेक्टर पलीकडे. अधिकाऱ्याच्या दारी गाडी येते. त्याच्या वृद्ध मातेस, किंवा गाडी चालविणे कधी न शिकलेल्या पत्नीस, मात्र प्रत्येक भेटीसाठी कोणाला तरी विचारावे लागते. मोबाइलवरून टॅक्सी बोलाविता येते हे खरे. पण सहज डोकावण्यासाठी टॅक्सी कोण बोलावितो? कामे होतात, निष्कारण भेटी तेवढ्या थांबतात. आणि माणसे जोडली जातात ती बहुधा अशा भेटींतूनच.

आमच्या वाचनात आलेल्या मराठी बदलीकथांत नवा मुलूख दिसतो तो बहुधा गाडीच्या खिडकीतून. बंगला, शिपाई, डोंगर, परका बाजार यांची वर्णने सरस असतात. परंतु गाडी कचेरीस गेल्यावर मागे उरलेल्या माणसाचा दिवस कसा सरतो, याविषयी लेखक मौन पाळतो. जानकीरामन यांनी बाबूच्या पायी फेऱ्यांतून एका गावाचे अंतरंग उभे केले. त्या तोलाची कथा गाडीची वाट पाहणाऱ्या बाईविषयी मराठीत व्हावयास हवी. ती लिहिण्याची सामग्री परमुलखात राहणाऱ्या आपल्याच घरांत आहे. लेखकाने तिला एकदा विचारावे, “आज कोठे जावेसे वाटले होते?”