शिकणाऱ्या गुरुजींचे वाङ्मय

मराठी मुलखात एक वाङ्मयप्रकार असा आहे, की तो दरसाल हजारो माणसे हातात पेन्सिल घेऊन, ओळी अधोरेखित करीत वाचतात. आणि तरीही त्याचे परीक्षण कोणत्याही मासिकात छापून येत नाही. कादंबरीला टीकाकार आहेत, कवितेला आहेत, पाककृतीच्या पुस्तकालाही घरोघरी परखड टीकाकार भेटतात. परंतु नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्राची एम.ए. पदवी घेणाऱ्या शिक्षकासाठी जी पुस्तके लिहिली जातात, आणि अलीकडे जी व्याख्याने दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर उतरतात, त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहिलेले नाही. ‘अभ्यासाचे पुस्तक ते! त्यात कसले आले वाङ्मय?’ असे म्हणून कोणी नाक मुरडील. पण ज्या लिखाणावर उद्या शेकडो वर्गांतील मुलांची बौद्धिक शिदोरी बांधली जायची आहे, ते लिखाण रुचकर आहे की शिळे, हे विचारण्याचा हक्क त्या मुलांच्या आईबापांना खचितच आहे.

या पुस्तकांचा वाचक कोण, हे आधी ध्यानात घ्यावे. पेण किंवा रोहा तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या शाळेत दिवसभर शिकवून, हजेऱ्या, पोषण आहाराचे हिशेब आणि वरून आलेली माहितीपत्रके उरकून, संध्याकाळी घरच्या चुलीपाशी किंवा मुलांच्या गृहपाठापाशी पोचणारे हे गुरुजी आणि या बाई. शिक्षणशास्त्राची दुसरी मोठी पदवी, एम.एड., २०१५ पासून दोन वर्षांची झाली. तीसाठी महाविद्यालयात रोज हजर राहायचे तर रजा हवी, आणि बिनपगारी रजा परवडणारे शिक्षक थोडे. म्हणून घरबसल्या पदवीची ही वाट. कोणाला वरची वेतनश्रेणी हवी असते, कोणाला केंद्रप्रमुखपदाची आशा असते, तर कोणाला आपण रोज करतो त्या कामामागचा विचार समजून घ्यावासा वाटतो. पुष्कळदा एकाच माणसाच्या मनात हे तिन्ही हेतू एकत्र नांदतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ही वाट कालपरवाची नव्हे. इंग्लंडात टपाल स्वस्त झाले त्या १८४० साली आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवावयास प्रारंभ केला. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षांचे दार बाहेरच्या विद्यार्थ्यांना उघडले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाची शाळा काढली ती १९६२ साली; आणि त्याच साली त्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आले ते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या आणि रोह्यात बालपण घालवलेल्या या बुद्धिमंताने परीक्षा म्हणून जी दिली तीत अग्रक्रम सोडला नाही. १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, तेव्हा त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. रोह्याच्या महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. पुढे मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले. आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. २०२२ साली आयोगाने मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या असल्याचे जाहीर केले. तेव्हा पदवीच्या किमतीचा वाद मिटला आहे. उरला तो पदवीआड असलेल्या लिखाणाच्या किमतीचा.

ती किंमत करायची कशी? त्यासाठी रोह्याकडून जरा पेणकडे वळावे लागते. पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. चिंतामणराव जन्मले ते पुढच्याच वर्षी. दोघेही त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे, ज्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो. परंतु दोघांच्या वाटा पाहा! एकाने परीक्षांचे शिखर गाठले. दुसऱ्याने प्रमाणपत्रे चुलीच्या स्वाधीन केली आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघाला असता मध्येच सुरतेला उतरून तो काशीला गेला. कोणाला वाटेल, की घरबसल्या मिळणाऱ्या पदवीविषयी विनोबांना काय विचारायचे! पण दूरस्थ शिक्षणाचा मराठीतला एक उत्तम नमुना नेमका त्यांच्याच नावावर आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ऐकणारे होते बंदिवान; पण ‘गीता प्रवचने’ वाचली ती त्या तुरुंगाचे दारही न पाहिलेल्या असंख्य लोकांनी, आणि त्यांना ती आपल्याशीच बोलल्यासारखी वाटली. असे का व्हावे? कारण बोलणाऱ्यासमोर माणसे बसली होती, त्यांची समजूत, त्यांची शंका, त्यांचे थकलेपण त्याला दिसत होते, आणि टिपणारा स्वतः हाडाचा शिक्षक असल्यामुळे त्याने ते समोरचे माणूस कागदावरून पुसू दिले नाही.

आपल्याला कसोटी सापडली ती ही. अंतर हा दोष नव्हे. चार हातांवर उभा असलेला शिक्षकही फळ्याकडे तोंड करून बोलू लागला, की योजने दूर जातो. आणि छापील पानही ऐकणाऱ्याला विसरले नाही, तर शेजारी येऊन बसते. प्रश्न एवढाच: या पानात ऐकणारा आहे काय?

या कसोटीला लावता अभ्यासपुस्तिकांचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. त्यांची बांधणी चांगली असते. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मधे मधे ‘आपली प्रगती तपासा’ अशा धर्तीचे प्रश्न, शेवटी सारांश. रात्री साडेदहाला अर्धवट डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाला हे टप्पे म्हणजे घाटातल्या वळणावरचे दगडी कठडेच होत. वाचकाला ‘आपण’ म्हणण्याचा शिष्टाचारही त्या पाळतात. पण दोन पाने उलटली, की हा ‘आपण’ कुठे तरी हरवतो आणि त्याच्या जागी एक ‘अध्ययनार्थी’ येऊन बसतो, ज्याला ना गाव, ना नाव, ना भूक. मग वाक्ये अशी होतात (नमुना आमच्याच पदरचा आहे, पण ओळखीचा वाटेल): ‘अध्ययनार्थ्याच्या पूर्वानुभवाधिष्ठित ज्ञानसंरचनेत नूतन अध्ययनानुभवांचे समावेशन घडून येणे अभिप्रेत असते.’ याचा अर्थ इतकाच, की मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टीला धरून नवी गोष्ट सांगावी. हे आपल्या आज्या सांगत आल्या. फक्त त्यांनी ते असे अवघडून सांगितले नाही. शिवाय इंदिरा गांधी विद्यापीठाची पुस्तके इंग्रजी-हिंदीतली. म्हणजे बाईंनी शिकायचे इंग्रजी-हिंदीतून, शिकवायचे मराठीतून, आणि समोरचे पोर घरी बोलते कातकरी! ज्ञानगंगेला एवढ्या खाचखळग्यांतून यायचे, तर पाणी थोडे आटणारच.

आणि तरी तो विचार पोकळ नाही, हेही तितक्याच निकराने सांगितले पाहिजे. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांची एक कल्पना या अभ्यासक्रमात हमखास भेटते. मूल जे एकट्याने करू शकत नाही, पण जाणत्याच्या हाताचा आधार मिळाला तर करू शकते, तेवढ्या पट्ट्यातच खरे शिकणे घडते, असे त्यांचे म्हणणे. पुस्तकात तिला ‘निकट विकासक्षेत्र’ असे भारदस्त नाव असते आणि उदाहरण कुठल्या तरी परदेशी बालवाडीतले. पेणच्या शिक्षकाने मात्र हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात डोकावावे. नवखे पोर आधी कच्ची मूर्ती घासते, मग अंगाचा रंग देते. डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हातानेच व्हायची, आणि त्या हाताशेजारी बसून पाहता पाहता एके दिवशी कुंचला पोराच्या हाती येतो. ही कल्पना समजलेला शिक्षक त्या कारखान्यातून शाळेत परतला, तर त्याच्या गणिताच्या तासाला निश्चितच नवा डोळा येईल. पुस्तकाने ही वाट दाखवायला हवी होती. ती बहुधा शिक्षकालाच शोधावी लागते.

याहून गंभीर गोष्ट शब्दांची. शिक्षणशास्त्रात ‘गळती’ नावाचा एक शब्द आहे. मूल शाळा मध्येच सोडून जाते, त्याला हा शब्द. दिवाळी सरली, की या तालुक्यांतील कातकरी वाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरेही अर्थात बरोबर जातात. मागे घरी कोण आहे त्यांना सांभाळायला? याला पुस्तक म्हणते ‘गळती’. गळणे म्हणजे काय? फुटक्या घागरीतून थेंब आपोआप पडावा तसे. पण हे मूल आपोआप पडलेले नाही. आईच्या बोटाला धरून पोटामागे गेलेले आहे. शब्दच चुकीचे चित्र दाखवू लागला, म्हणजे उपायही घागरीला लाख लावण्याचेच सुचतात.

याच्या शेजारी कोसबाडचे शब्द ठेवून पाहावेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांत काम केले, तेव्हा तिथे ‘अंगणवाडी’ आणि ‘कुरणशाळा’ हे शब्द रुजले. मुले गुरांमागे कुरणात जातात, तर शाळेनेच कुरणात जावे. शब्द उच्चारला, की अडचणही दिसते आणि तिच्यावरचा उपायही! हा शब्द कोणत्याही इंग्रजी ग्रंथावरून उतरवलेला नाही. तो काम करता करता उगवला. आणि अनुताई म्हणजे तरी कोण? बालपणीच वैधव्य आलेल्या, नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या आणि पुढे पन्नाशीच्या सुमारास पदवी घेतलेल्या शिक्षिका. शिकणारी शिक्षिका जेव्हा शिकवता शिकवता लिहिते, तेव्हा भाषेला काय लाभते, याचा हा पुरावा आहे.

आता पडद्यावरच्या व्याख्यानांविषयी. २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे अभ्यासपीठ सुरू केले, आणि महामारीच्या काळापासून विद्यापीठांची व्याख्याने सर्रास घरात येऊ लागली. त्यांचा मोठा गुण असा, की ती थांबवता येतात आणि पुन्हा ऐकता येतात. भर वर्गात ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याची पंचेचाळिशीच्या माणसाला वाटणारी लाज इथे नाही. दिवा-रोहा गाडीत बसूनही एक घटक पुरा होतो. परंतु पुष्कळ व्याख्याते पुस्तिकेतलीच वाक्ये पडद्यावर मांडून तीच वाचून दाखवतात. धुळ्याच्या तुरुंगात बोलणे टिपून कागद झाला. इथे कागद वाचून बोलणे होते! पहिल्यात माणसे कागदात आली. दुसऱ्यात उरलेलेही माणूस निघून जाते.

शेवटी येतो तो ‘स्वाध्याय’. नाशिकच्या विद्यापीठाने घरी लिहावयाच्या उत्तरांना हे जुने, सुंदर नाव दिले. उपनिषदातले आचार्य घरी परतणाऱ्या शिष्याला बजावतात, की स्वाध्यायात आळस करू नकोस. या शब्दात ‘स्व’ आहे, हे मात्र विसरले जाते. बाजारात तयार उत्तरे मिळतात; ती सुवाच्य अक्षरात उतरून काढली, की काम भागते. शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण जो प्रश्न प्रतिवर्षी तोच विचारला जातो आणि ज्याचे उत्तर रोह्यात राहून लिहा की नागपुरात, एकच येते, तो प्रश्न नक्कल मागूनच घेतो. ‘आपल्या वर्गातील कोणते मूल यंदा दिवाळीनंतर दिसेनासे झाले, ते कोठे गेले, आणि परत आल्यावर आपण त्याला कोठून शिकवायला घेतले?’ असा प्रश्न घालून पाहा. त्याचे उत्तर कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

अशी उत्तरे लिहिण्याची जागा या अभ्यासक्रमात आहेही. शेवटी एक प्रबंधिका लिहावी लागते. तीत शिक्षकाने आपल्याच शाळेतील अडचण घेऊन तिचा पिच्छा पुरवायचा. परंतु इथेही प्रश्नावली, टक्केवारी, निष्कर्ष, शिफारशी अशी ठरीव चौकट भरली जाते आणि कापडी बांधणीचा एक ठोकळा कपाटात जाऊन पडतो. मराठीत एकशिक्षकी शाळेचे जिवंत चित्र पाहायचे, तर आजही १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’कडे, म्हणजे एका कादंबरीकडे जावे लागते. शिक्षणशास्त्राच्या शेल्फावर ते का नसावे? पेणच्या वाडीवरचा शिक्षक तोच अनुभव रोज घेत आहे. त्याला कोणी कादंबरी लिही म्हणत नाही. पाहिले ते साध्या मराठीत लिही, एवढेच म्हणायला हवे.

मग प्रमाणपत्र चुलीत घालावे, की चौकटीत लावावे? या जिल्ह्याने दोन्ही उत्तरे देऊन ठेवली आहेत, आणि ती दिसतात तेवढी परस्परविरोधी नाहीत. विनोबांनी कागद जाळला, शिकणे जाळले नाही. ते जन्मभर शिकत राहिले. चिंतामणराव पदव्यांनी भूषविलेले होते, पण कालिदासाचे मेघदूत मराठीत आणण्याची हौस त्यांना कोणत्याही परीक्षेने लावली नव्हती. पदवीने पगार वाढावा, जरूर वाढावा. शिक्षकाचा संसार काही स्वाध्यायावर चालत नाही. पण त्या पदवीसाठी खर्ची पडलेल्या रात्रींतून दहा पाने तरी अशी उतरावीत, की ज्यांत एका वाडीवरचे एक पोर डोळ्यांपुढे उभे राहील.

आणि वाचकहो, फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळणाऱ्या आपल्यालाही यात थोडे काम आहे. आपल्या नात्यागोत्यात अशी एखादी शिकणारी मामी, एखादा शिकणारा भाऊ असेलच. ‘परीक्षा कधी?’ असे आपण त्यांना विचारतोच. यंदा त्यांच्या प्रबंधिकेची प्रत मागून पाहा. आपले लिखाण कोणी तरी वाचणार आहे, हे ज्याला ठाऊक असते, तो निराळे लिहितो.