तावदानाची काच : अग्नी, वाळू आणि उजेड

काचेची कला म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चर्चच्या वेदीमागील रंगीत काचचित्रे उभी राहतात. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले निळे-तांबडे तुकडे आणि त्यांतून फरशीवर सांडणारा उजेड यांनाच आपण कला मानत आलो. खिडकीला बसवायची साधी काच मात्र आपल्या लेखी केवळ बांधकामाचे सामान आहे. ती दुकानात चौरस फुटावर मिळते आणि फुटली की दुसरी बसवली जाते. या साध्या काचेला भट्टीत वाकवून आणि तिच्यावर वाळूचा मारा करून जी शोभेची कला घडते, तिचा विचार या लेखात करावयाचा आहे. हा विषय वाचकांना परका वाटू नये. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी नव्या घरांच्या दारांवर सँडब्लास्टिंगने काढलेली द्राक्षे, कबुतर किंवा प्याला आपण रोज पाहतो. ते चांगले की वाईट, हे ठरवण्याचे माप मात्र आपल्याजवळ नाही.

प्रथम द्रव्याविषयी. आजची खिडकीची काच मुख्यतः वाळू, सोडा आणि चुना यांपासून होते. वितळलेल्या कथलाच्या पृष्ठावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत पिल्किंग्टन कंपनीने 1959 साली जाहीर केली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. या जन्माची खूण काचेवर राहते. तिची एक बाजू कथलाला टेकलेली असते, आणि ती बाजू भट्टीत पुन्हा तापून वाकली की तिच्यावर कधी कधी पांढुरके धुके धरते. म्हणून जाणता कारागीर काच साच्यावर ठेवण्यापूर्वी तिची बाजू ओळखून घेतो. ज्या सपाटपणासाठी ही काच निर्माण झाली, तोच मोडण्याचे काम त्याला करावयाचे असते.

काच सुमारे 650 ते 750 अंश सेल्सियसपर्यंत तापवली की ती वितळत नाही, पण मऊ पडते आणि स्वतःच्याच वजनाने खालच्या मातीच्या साच्यात हळूहळू बसते. येथे कारागिराचा हात काचेला लागत नाही. काम करते ते गुरुत्वाकर्षण. माणसाने ठरवायचा तो साचा, उष्णता आणि वेळ. पुढचा टप्पा अधिक कठीण. सुमारे साडेपाचशे अंशांच्या आसपास काचेला थांबवून, तिच्यातील ताण निघून जाईपर्यंत धीर धरावा लागतो. घाई केली तर सुंदर दिसणारे पात्र दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या महिन्यात आपोआप तडकते. दोन वेगळ्या जातींच्या काचा एकत्र वितळवल्या तरी तेच होते, कारण थंड होताना प्रत्येकीचे आकुंचन निराळे असते.

या पद्धतीला विसाव्या शतकात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अमेरिकेतील फ्रान्सेस आणि मायकल हिगिन्स या दांपत्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. 1948 साली विवाह झाल्यावर त्यांनी शिकागोत आपली कार्यशाळा मांडली. काचेच्या एका तावावर मिन्याचे रंग द्यायचे, त्यावर दुसरा ताव ठेवायचा आणि दोन्ही एकत्र तापवून साच्यात उतरवायचे, अशी त्यांची रीत होती. त्यांची तबके आणि वाडगे पाहताना एक गुण लगेच जाणवतो. रंग काचेवर बसलेला नसतो. तो दोन तावांच्या मध्ये राहतो आणि त्यामुळे त्याला खोली येते. परंतु त्यांच्या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रेषा आणि ठिपके यांची ती प्रसन्न रचना पुष्कळ वेळा कापडावरील नक्षीच्या जवळ जाते. ती डोळ्यांना सुखावते, मनाला थांबवत नाही. भट्टीकामाचा हा धोका मूळचाच आहे. उष्णता प्रत्येक कडेला गोलाई आणि प्रत्येक पृष्ठाला चकाकी देते. त्यामुळे सामान्य कामही गोजिरे दिसू लागते आणि कारागीर त्यावरच समाधान मानतो.

वाळूच्या माऱ्याचा स्वभाव याच्या नेमका उलट. अमेरिकेतील बेंजामिन टिल्घमन यांनी 1870 साली या क्रियेचे एकस्व घेतले. हवेच्या दाबाने कठीण कण काचेवर आपटतात आणि जेथे आपटतात तेथून काचेचा सूक्ष्म टवका उडवतात. झाकलेला भाग पारदर्शक राहतो, उघडा भाग दुधी होतो. हा दुधी रंग बाहेरून आणलेला नाही. काचेला झालेल्या असंख्य जखमांवर उजेड विखुरतो, तोच आपल्याला पांढरा दिसतो. जेथे काच शाबूत आहे तेथून उजेड सरळ निघून जातो. जेथे ती दुखावली आहे तेथेच तो थांबतो. मारा कमी-अधिक वेळ करून खोली कमी-अधिक केली, तर चेहऱ्याला गाल आणि वस्त्राला घडी येते. एकाच खोलीचा मारा सर्वत्र केला, तर हाती केवळ छाप उरतो.

दोन्ही क्रिया एकत्र येतात तेव्हा क्रमाला महत्त्व येते. आधी मारा करून मग काच भट्टीत घातली, तर उष्णतेने जखमांच्या कडा मऊ होतात, दुधीपणा निवळून रेशमासारखा होतो आणि आच वाढली तर पुसलाही जातो. आधी वाकवून मग मारा केला, तर रेषा धारदार राहते. पहिल्या क्रमात आकृती आठवणीसारखी अस्पष्ट होते, दुसऱ्यात ती आत्ताच उच्चारलेल्या शब्दासारखी स्पष्ट असते. ज्या कलावंताला हा भेद ठाऊक आहे, तो क्रम सोयीने निवडत नाही, अर्थाने निवडतो. मला वाटते, या कलेचे पहिले माप हेच असावे.

दुसरे माप मिळवण्यासाठी शेजारच्या एका कलेकडे पाहावे लागेल. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीचे अँग्लिकन कॅथेड्रल 14 नोव्हेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. बेसिल स्पेन्स यांच्या आराखड्यानुसार शेजारी उभारलेल्या नव्या वास्तूचे अभिषेचन 1962 साली झाले. जुन्या अवशेषांकडील तिची भिंत संपूर्ण काचेची आहे. तिच्यावर जॉन हटन यांनी फिरत्या चाकाने संत आणि देवदूत कोरले आहेत. आत उभे राहिले की त्या आकृतींच्या आरपार भग्न भिंती दिसतात. येथे रंगीत काच असती तर अवशेष झाकले गेले असते. काच पारदर्शक ठेवली म्हणूनच पलीकडचे सत्य चित्राचा भाग झाले. तर दुसरे माप असे : काचेमागे काय आहे याचा विचार कलावंताने केला आहे काय?

तिसरे माप डॉर्सेट परगण्यातील मोर्टन या खेड्याने दिले. तेथील संत निकोलस यांच्या चर्चवर 1940 सालीच बॉम्ब पडला आणि त्याच्या साऱ्या खिडक्या गेल्या. पुढे 1955 पासून 1984 पर्यंत लॉरेन्स व्हिस्लर यांनी तेथील खिडक्या साध्या पारदर्शक काचेवर कोरून पुन्हा भरल्या. मेणबत्त्या, फुले, पाने, आकाशगंगा असे त्यांचे विषय आहेत. काही ठिकाणी त्या अतिसुकुमार वाटतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यांनी आणखी एक खिडकी केली, ती यहुदाची. गळ्यात दोर असलेल्या यहुदाच्या हातून रुप्याची नाणी निसटतात आणि जमिनीकडे येता येता त्यांची फुले होतात. क्षमा हाच तिचा विषय. धर्मग्रामाला ती पेलली नाही. अनेक वर्षे ती डॉर्चेस्टरच्या संग्रहालयात राहिली आणि 2014 साली चर्चच्या भिंतीत बसवण्यात आली. तीही अशी की ती फक्त बाहेरूनच दिसते.

नकार देणाऱ्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या वेदीशेजारी यहुदा बसवायचा असता, तर आपण काय केले असते? तरीही समीक्षक म्हणून मला ती खिडकी त्या साऱ्या मालिकेत श्रेष्ठ वाटते. नाण्याचे फूल होणे या कल्पनेसाठी याहून योग्य द्रव्य सापडणार नाही. काचेवर नाणे असो की फूल, दोन्ही ओरखड्यांनीच बनतात आणि दोन्हींतून एकच उजेड येतो. विषय आणि साधन येथे एकजीव झाले आहेत. हे तिसरे माप.

आता आपल्या दारांकडे वळू. बाजारात तयार छापांच्या वह्या असतात. गिऱ्हाईक पान उलटतो, बोट ठेवतो आणि चार दिवसांत प्याला दारावर येतो. मारा सर्वत्र एकाच खोलीचा असतो. मागे दिवाणखाना आहे की जिना, सकाळचे ऊन येते की नाही, हे कोणी विचारत नाही. भक्तिभाव खरा असतो, पण चित्र उसने असते. याउलट, एका ओळखीच्या घरी मी देवघराच्या खिडकीला बसवलेली एक लहान काच पाहिली. भट्टीत किंचित वाकवलेल्या त्या तावदानावर फक्त एक जाळे कोरले होते, तेही अर्धेच. घरातील आजोबा मच्छीमार होते. दुपारच्या उन्हात त्या जाळ्याची सावली भिंतीवर हलताना मी पाहिली आणि पेत्राची आठवण करून द्यायला तेथे पेत्राचे चित्र लागले नाही.

शेवटी एक गोष्ट कलेच्या बाहेरची, पण श्रद्धेच्या आतली. खऱ्या वाळूचा मारा केला की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. म्हणून अनेक देशांनी या कामात वाळू वापरण्यावर बंदी घातली आणि जाणती कार्यशाळा तिच्याऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साईडचे कण, बंद पेटी आणि योग्य मुखवटा वापरते. तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याच्यासमोरच्या काचेवर ख्रिस्तप्रसादाचा प्याला उमटत होता. दारावरची काच सांगायला जाल तेव्हा छापाची वही उघडण्यापूर्वी तो प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारा. काचेने जखम सोसून उजेड द्यावा, हे ठीक आहे. ती जखम कारागिराच्या वाट्याला येता कामा नये.