मान हलवणारे मुखवटे

निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘बीइंग डिजिटल’ (१९९५) या पुस्तकात एक किस्सा आहे. गंमत म्हणून वाचून पुढे जावे असा. मला मात्र दूरसंवादाचा कळीचा प्रश्न त्यात दिसतो.

अणुयुद्धाच्या प्रसंगी अमेरिकेच्या सर्वोच्च पाच जणांना पाच वेगळ्या ठिकाणी ठेवून बैठक कशी घ्यायची? एमआयटीतल्या त्यांच्या गटाने तोडगा काढला : प्रत्येकासमोर उरलेल्या चौघांचे चेहऱ्याच्या आकाराचे प्लास्टिकचे मुखवटे. त्यांवर आतून चलचित्र पडे आणि तिकडच्या माणसासारखी मुखवट्याची मानही हले. कोण कोणाकडे पाहून बोलतो, ही सपाट पडद्यावर हरवणारी खूण परत मिळाली.

पण त्या मानेला दोनच हालचाली येत : वरखाली आणि डावी-उजवीकडे. होकार आणि नकार. आपल्याकडची, खांद्याकडे कलत डोलणारी मान त्यात बसत नाही. ‘कळलं’, ‘बघू’, ‘तुम्ही म्हणता तर तसं’ हे सगळे त्या डोलण्यात असते, मैफलीतली दादही. कोणते हावभाव पोचण्याजोगे, हे यंत्र घडवणारा आधीच ठरवून टाकतो.

तिसरी हालचाल जोडता येईल. पडद्यावरची आणि उपकरणाची हालचाल जुळली तर संदेश अधिक नीट समजतो, हे डेव्हिड सर्किन व वेंडी जू यांनी २०१२ मध्ये दाखवले. तेवढ्याने भागते का? निग्रोपाँटे सांगतात, एका अ‍ॅडमिरलला या मुखवट्यांची दुःस्वप्ने पडत. समोर खरेच राष्ट्राध्यक्ष आहेत का, ही त्याची शंका. त्यापेक्षा त्याला तार बरी वाटे.

याउलट एमआयटीतच १९९७ मध्ये मांडलेले ‘इनटच’ पाहा. त्यात चेहरा नाही, आवाज नाही. दोन ठिकाणी तीन-तीन रूळ. इकडचा फिरवला की तिकडचा फिरतो, तिकडच्याने धरून ठेवला की इकडच्या हाताला अटकाव जाणवतो. त्यातून आदेश देता येणार नाही, हे उघड आहे. पण पलीकडच्या माणसाचा जोर हाताला लागतो.

म्हणून अशा साधनांची पारख केवळ हुबेहूबपणावर करू नये, असे माझे मत आहे. मैफलीत मान डोलते, गायक ती पाहतो आणि तीच जागा पुन्हा घेतो. उपकरणात हा परतीचा रस्ता आहे का, हे आधी विचारावे.