पुण्याचा रेडिओ, घानाचे शेतकरी आणि मोजणीत नसलेला खरीप

आफ्रिकेतल्या शेती-रेडिओवर वाचायला घेतलं की मागे मागे जात आपण पोचतो चक्क पुण्यात, 1956 मध्ये. कल्पना कॅनडाची, पाठबळ युनेस्कोचं, कार्यक्रम आकाशवाणी पुणे केंद्राचे आणि गावं पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे. आठवड्यातून दोनदा अर्धा तास. मंडळींनी एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. मूल्यमापन केलं आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं. सूत्रं पॉल न्यूराथ यांच्याकडे.

यातली खरी हुशारी तुलनेत आहे. श्रोतामंच असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली, अशा तिन्हीकडे आधी आणि नंतर प्रश्न विचारले. माहिती ठळक वाढली ती मंचांच्या गावांत. म्हणजे काम केलं ते पेटीभोवतीच्या बोलण्यानं, नुसत्या पेटीनं नाही. इथवर मी न्यूराथ यांच्या बाजूनं.

पण प्रयोग चालला दहा आठवडे, फेब्रुवारी ते एप्रिल. आता सांगा, खरिपाची पेरणी कधी होते? लोकांना काय कळलं ते मोजलं गेलं. जूनमध्ये शेतात काय बदललं, हे त्या मोजणीत बसूच शकत नव्हतं. 1959 मध्ये युनेस्कोनं अहवाल छापला आणि 1964-65 मध्ये मंचांचा प्रयोग घानात झाला.

दहा आठवड्यांत याहून जास्त काय दाखवणार, असं कुणी म्हणेल. बरोबरच आहे. मग रेडिओनं शेती सुधारते, याचा पुरावा म्हणून पुण्याचं नाव घेऊ नका. लोक एकत्र बसले तर ऐकलेलं लक्षात राहतं, एवढ्यासाठी जरूर घ्या.