उत्तर ठाऊक असताना

खुनी कोण हे एकदा कळलं की रहस्यकथेत उरतं काय? समीक्षेने हा प्रश्न बहुतेक वेळा या कथाप्रकाराला दुय्यम ठरवण्यासाठीच विचारला आहे. प्रवासात वाचावी आणि गाडीतच सोडून यावी, अशी ती वस्तू. पण १८८७ साली छापील पानावर आलेला शेरलॉक होम्स अजून नवनव्या रूपांत पडद्यावर येतो. अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून, महासाथीतला खंड सोडला तर, लंडनमध्ये चालूच आहे. या वाचक-प्रेक्षकांपैकी कितीतरी जणांना उत्तर आधीच माहीत असतं, तरी ते परत येतात. म्हणजे ओढ केवळ उत्तराची नाही.

मला वाटतं, ही ओढ एका कराराची आहे. अभिजात रहस्यकथेचा लेखक वाचकाला सांगतो : मी तुला चकवणार आहे, पण खोटं बोलणार नाही. रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये या प्रकारासाठी दहा नियम सांगितले. १९३० मध्ये लंडनला ‘डिटेक्शन क्लब’ निघाला आणि तिथे सदस्यांना शपथही घ्यावी लागे. त्यातली थट्टा वगळली तर मथितार्थ एवढाच : धागा लपवायचा, पण वाचकाच्या डोळ्यांसमोर. पहिल्या वाचनात आपण उत्तर शोधतो. दुसऱ्या वाचनात, लेखकाने खरं सांगितलेलं असूनही ते आपल्या लक्षात कसं आलं नाही, हे पाहतो. हा दुसरा आनंद जास्त टिकतो. अनुवाद असो की चित्रपट, रूपांतर जोखायची कसोटीही इथेच सापडते : ते दुसऱ्यांदा वाचता-पाहता येतं का?

जबलपूरला राहणाऱ्या मला या कराराचं मोल आणखी एका कारणाने जाणवतं. गुन्ह्याच्या कथेचा नेमका उलटा नमुना याच शहराशी बांधलेला आहे. १८३० च्या दशकात विल्यम स्लीमनने ठगांविरुद्धची मोहीम इथून चालवली आणि तिचा कणा होता माफीचा साक्षीदार. पकडलेल्या ठगाने कबुली द्यायची, इतरांची नावं सांगायची. फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) ही कादंबरी त्याच वातावरणातली. तिच्यात गुन्हेगारच आपली कहाणी सांगतो. वाचकाने शोधायचं काही नसतं, फक्त विश्वास ठेवायचा. त्या कबुल्या किती खऱ्या आणि किती वदवून घेतलेल्या, हा वाद इतिहासकारांत अजून मिटलेला नाही. दोनच वर्षांनी एडगर अ‍ॅलन पोची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ आली आणि कबुलीच्या जागी अनुमान आलं. ‘त्याने सांगितलं म्हणून’ नव्हे, तर ‘असं दिसतं म्हणून’. वाचकाला मिळालेला हा मान लहान नाही.

आपल्याकडे तो मान मनापासून जपला शरदिंदू बंदोपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्शीने. १९३२ मध्ये सुरू झालेल्या या कथांचा नायक स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवत नाही, तो ‘सत्यान्वेषी’. शरदिंदू १९३८ मध्ये चित्रपटांच्या कामासाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्याला स्थायिक झाले. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टी त्यांनी बंगालीत लिहिल्या. मधल्या पंधराएक वर्षांच्या खंडानंतर ब्योमकेश परतला, तेव्हा त्याच्या उत्तरार्धातलं बरंचसं कोलकाता पुण्यात बसून लिहिलं गेलं. मराठीपासून इतक्या जवळ लिहिलेला हा मजकूर मराठीत आणताना मात्र करार कुठे कुठे मोडू शकतो, ते कळतं.

पहिली अडचण व्याकरणाची. बंगालीत सर्वनामाला लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. मध्यरात्री जिन्यावरून कोण उतरलं, हे बंगाली लेखक पानभर लिहील आणि तो पुरुष की बाई याचा पत्ता लागू देणार नाही. मराठीत ‘उतरला’ की ‘उतरली’ हे ठरवावंच लागतं, आणि तेवढ्यात निम्मे संशयित सुटतात. पण मराठीजवळ एक मुखवटा आहे, जो हिंदीजवळ नाही : नपुंसकलिंग. ‘कोणीतरी जिन्यावरून उतरलं.’ निनावी पत्र हा तर या कथाप्रकाराचा आवडता ऐवज. त्यात ‘मी येतो’ लिहिलं तर घात, ‘मी येते’ लिहिलं तरी घात. ‘मी येईन’ लिहिलं की पत्र पुन्हा निनावी होतं. ‘मला यावं लागलं’ हेही चालतं. अशा वाक्यांचा संशय येऊ नये म्हणून आजूबाजूलाही तशीच वाक्यं पेरावी लागतात. हे काम सजावटीचं नाही, कराराच्या पालनाचं आहे.

कधी अख्खा धागा एका शब्दात असतो. होम्सच्या ‘द स्पेकल्ड बँड’ (१८९२) या कथेत मरणाऱ्या मुलीच्या तोंडचा ‘बँड’ म्हणजे पट्टाही आणि टोळीही. आवारात जिप्सींचा तळ पडलेला असल्याने संशय तिकडे जातो. मराठीत ‘बँड’ म्हटलं की वरात डोळ्यांपुढे येते. ‘पट्टी’ म्हटलं तर टोळी हातची जाते. पण त्या जिप्सींच्या डोक्याला ठिपक्यांचे रुमाल असतात, हे मूळ कथेतच आहे. त्या रुमालांवर जरा अधिक भर दिला, तर ‘ठिपक्यांची पट्टी’ मराठी वाचकालाही त्याच चुकीच्या वाटेला नेते. वाट चुकवण्याचा हक्क मूळ वाचकाला होता, तो अनुवादाच्या वाचकालाही हवा.

दुसरी अडचण संबोधनांची. ब्योमकेश आणि त्याची बायको सत्यवती बंगालीत एकमेकांना ‘तुमि’ म्हणतात. मराठीत त्या काळच्या बायकोच्या तोंडी ‘अहो’ घातलं आणि नवऱ्याच्या तोंडी ‘अगं’, की मूळ बंगालीतली बरोबरी गेलीच. मी दोघांना ‘तू’ देते. काहींना ते काळाशी विसंगत वाटतं. मला ते पात्रांशी सुसंगत वाटतं.

पडद्याची अडचण वेगळी. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ब्योमकेशवर ‘चिडियाखाना’ काढला. उत्तम कुमार नायक होते, रायना दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं; पण राय स्वतः समाधानी नव्हते. ‘खुनी कोण’ या जातीच्या कथेत शेवटी लांबलचक उलगडा येतो आणि चित्रपट जागीच थिजतो, असं त्यांचं मत होतं. पुढे स्वतःच्याच फेलूदाच्या कादंबरीवर ‘सोनार केल्ला’ (१९७४) करताना त्यांनी खलनायक प्रेक्षकाला बराच आधी दाखवून टाकले. चित्रपट देखणा झाला, पण करार बदलला : ‘कोण?’ जाऊन ‘आता काय होईल?’ आलं. रायनी तो डोळसपणे बदलला, याचा आदर आहेच. तरी उलगडा म्हणजे थिजणं, हे मला मान्य नाही.

माझ्या असहमतीचं कारण बासू चटर्जी यांची १९९३ ची दूरदर्शन मालिका. आमच्या शहरात ती हिंदीत पाहिली जायची, तिच्यावरची चर्चा आमच्या घरी मराठीत व्हायची आणि शेजारी बंगालीत. राजित कपूरचा ब्योमकेश, के. के. रैनांचा अजित आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपली सुकन्या कुलकर्णी. तिथेही शेवटी उलगडा असे आणि तो बहुधा बसून, बोलून होई. पण तोवर त्या खोलीची, चहाची, दोन मित्रांच्या थट्टेची आपल्याला सवय झालेली असे. बोलणाऱ्यांची सोबत हवीशी वाटत असेल, तर लांब बोलणं थिजत नाही. म्हणूनच ती मालिका आज सगळी उत्तरं माहीत असूनही पाहता येते. दिबाकर बॅनर्जींचा २०१५ चा ब्योमकेश दृश्यांत कितीतरी श्रीमंत. युद्धकाळाचं सावट, ट्राम, रक्त. पण तिथे मी दुसऱ्यांदा पाहते ते कोलकाता, तपास नव्हे.

एका प्रकाशकाने माझ्या एका हस्तलिखितावर ‘पाल्हाळ, काढावे’ असा शेरा मारला होता. खूण केलेल्या चार ओळींत घरातल्या माणसांची जेवायची वेळ आणि ताटांची संख्या होती. त्या संख्येतच खुनी होता. रहस्यकथेला वेगवान करण्याच्या नादात आपल्याकडे अशा ओळी सर्रास कापल्या जातात, आणि मग हा प्रकार एकदाच वाचायचा असतो, असं आपणच म्हणतो. मराठीत येणारा ब्योमकेश थेट बंगालीतून यावा आणि ताटं मोजून यावा.