हुसेनची चेहरा नसलेली आई

आमचं करकंब पंढरपूर तालुक्यातलं. त्याच पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. ते जेमतेम दीड वर्षाचे असताना आई झैनब वारली. तिचा चेहरा आठवत नाही, तिचा फोटोही नाही, ही खंत त्यांनी अनेकदा सांगितली. म्हणून त्यांच्या मदर तेरेसा चित्रमालिकेतल्या बाईला चेहरा नाही, हे उत्तर आपल्याला आयतं मिळतं. उत्तर खोटं नाही. पण ते मिळालं की आपण चित्र बघायचं थांबतो.

आधी रंग बघू. चेहऱ्याच्या जागी गडद पोकळी. भोवती पांढऱ्या साडीच्या जड चुण्या, काठाला निळ्या रेघा, मांडीवर पोर. नाकडोळे नसताना माया दिसते कुठून? मला वाटतं, या पांढऱ्यातून. तो कोरा नाही, त्याला वजन आहे. जुन्या इटालियन चित्रांतल्या मेरीच्या वस्त्रासारखा तो घड्याघड्यांनी खाली येतो आणि पोराला कवेत घेतो.

आमच्याकडे पांढरं लुगडं म्हटलं की विधवा आजी डोळ्यांसमोर येते. फोनवर यातलं एखादं चित्र उघडा आणि अंगठ्याने निळा काठ झाका. तेरेसा नाहीशी होते. उरते आपल्याच घरातली, कोपऱ्यात बसलेली कुणी बाई. अंगठा काढला की तीच बाई परक्या पोरांचीही आई होते. एवढं काम दोन-तीन निळ्या रेघा करतात.

१९८० नंतर हुसेननी हा विषय पुन्हा पुन्हा रंगवला, आणि सगळी चित्रं सारखी उतरली नाहीत. काहींत ती पोकळी नुसती ओळखीची खूण होऊन बसते, सहीसारखी. तिथे काठ दिसतो, पण मांडीची ऊब जाणवत नाही.

जिथे जाणवते, तिथे मात्र ते आयतं उत्तर अपुरं पडतं. दीड वर्षाच्या पोराकडे आईचं काय उरत असेल? चेहरा नसेलच. मांडी असेल, तोंडावर आलेला पदर असेल, त्या पदराआडचा अंधार असेल. हुसेननी हरवलेलं रंगवलं, असं आपण म्हणतो. मला तर या चित्रांत उरलेलंच जास्त दिसतं.