‘द बुकशॉप’: गावाला नको असलेलं दुकान

आजच्या व्याख्यानाला घेतलेली कादंबरी अगदी छोटी आहे, दोन संध्याकाळी वाचून होईल अशी. पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांची ‘द बुकशॉप’. १९७८ साली प्रसिद्ध झाली, त्या वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. लेखिकेचा जन्म १९१६चा, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा बाई साठी ओलांडलेल्या. नवरा, तीन मुलं, नोकरी, पैशाची कायमची ओढाताण, हे सगळं करून मग लिहायला बसलेल्या. सफोकच्या किनाऱ्यावरच्या साउथवोल्ड या गावी पुस्तकाच्या दुकानात त्यांनी स्वतः काम केलेलं होतं. त्यामुळे दुकानदारीचा तपशील ऐकीव नाही.

कथा थोडक्यात सांगतो. साल १९५९. हार्डबरो नावाचं काल्पनिक किनारी गाव, दमट, वाऱ्याचं, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला दलदल. फ्लॉरेन्स ग्रीन ही मध्यमवयीन विधवा बँकेचं कर्ज काढून ‘ओल्ड हाउस’ ही जुनी रिकामी वास्तू विकत घेते आणि तिथं पुस्तकाचं दुकान टाकते. राहतेही तिथंच. भिंतींना ओल आहे, घरात एक भूत आहे, ते ठोकाठोकी करतं, आणि गावाला त्याचं काही विशेष वाटत नाही! पण गावातल्या बड्या बाई मिसेस गामार्ट यांना त्याच वास्तूत कलाकेंद्र हवं आहे. म्हणजे वास्तू रिकामी होती तोवर ते काही कोणाला सुचलं नव्हतं. दुसऱ्यानं हात लावला तेव्हा सुचलं. हे तुम्हाला ओळखीचं वाटलं तर नवल नाही. पडीक जागेवर कोणी टपरी टाकली की तिसऱ्या दिवशी तिथं वाचनालयाचा ठराव येतो, हे आपण पाहिलेलं आहे.

या कादंबरीचं नेहमीचं वाचन असं : एक धीराची एकटी बाई आणि तिला चिरडणारी एक दुष्ट श्रीमंत बाई. आम्हाला हे वाचन पुरेसं वाटत नाही. त्याला आधार लेखिकेनंच दिला आहे, हेही खरं. माणसांचे दोन वर्ग, संपवणारे आणि संपवले जाणारे, अशी एक विभागणी पुस्तकात येते आणि समीक्षक तीच उचलतात. आमच्या मते ती या पुस्तकातली सर्वात कच्ची जागा आहे. कारण पुढे जे प्रत्यक्ष घडतं ते या विभागणीत बसतच नाही.

काय घडतं बघा. फ्लॉरेन्स ‘लोलिता’च्या अडीचशे प्रती मागवते. काचेसमोर गर्दी जमते, तर वकिलाचं पत्र येतं की रस्त्यावर खोळंबा होतो आहे. तक्रार पुस्तकाच्या आशयाबद्दल नाही, रहदारीबद्दल! दुकानात मदतीला येणारी दहा वर्षांची क्रिस्टीन, तिच्या कामाच्या तासांची चौकशी होते. मिसेस गामार्ट यांचा भाचा खासदार आहे. तो पार्लमेंटात एक विधेयक आणतो, जुन्या वास्तू सक्तीने ताब्यात घेण्याचा अधिकार स्थानिक मंडळाला देणारं. विधेयकात ना हार्डबरोचं नाव, ना फ्लॉरेन्सचं. शेवटी भरपाईची वेळ येते तेव्हा घर इतकं ओलं की राहण्यालायकच नाही, म्हणून भरपाई नाही. त्या ओलीमुळे आपली तब्येत बिघडली असा कागद सही करून देतो तो मायलो नॉर्थ. बीबीसीत काम करणारा, गोड बोलणारा, आळशी. त्याला फ्लॉरेन्सबद्दल वैर नाही. सही मागितली, दिली. नाही म्हणायला जेवढे कष्ट पडतात तेवढे त्याला घ्यायचे नव्हते, एवढंच.

मग संपवणारा कोण? वकील आपलं काम करतो, बँकेचा मॅनेजर आपलं काम करतो, मंडळ कायदा पाळतं. प्रत्येक कागद एकेकटा घेतला तर रास्त वाटतो. स्थानिक राजकारण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन गट, आरडाओरडा, सोसायटीची निवडणूक येते. इथं आवाजच नाही. गावानं निर्णय घेतला असं कोणत्याच सभेत दिसत नाही, तरी निर्णय झालेला असतो. मिसेस गामार्टना जबाबदार धरणं सोपं आहे, पण त्यांनी फक्त इच्छा व्यक्त केली, बाकीचं इतरांच्या सौजन्यानं झालं. या दृष्टीनं पाहिलं की त्या बाईंचं पात्र पातळ का वाटतं तेही कळतं. तिला अधिक रंग भरण्याची गरजच नव्हती.

आता फ्लॉरेन्सकडे येऊ. धैर्य आणि चांगुलपणा असला की निभतं, अशी तिची साधी श्रद्धा आहे. कांट म्हणेल, सदिच्छेचं मोल फळावर ठरत नाही, ती निष्फळ ठरली तरी तिचं मोल उणं होत नाही. ॲरिस्टॉटलला हे पटणार नाही. चांगलं जगायला मित्र लागतात, थोडं धन लागतं, गावात थोडं वजन लागतं, असं त्याचं म्हणणं. फ्लॉरेन्सकडे यांपैकी काय आहे? नवरा युद्धकाळात गेला. मूल नाही. दुकान हेच घर, त्यामुळे दुकान संपवून घरी जावं आणि दार लावून घ्यावं असं तिला कधीच करता येत नाही. धंदा, गावकी आणि खासगी आयुष्य यांचा मेळ घालायचा तर आधी ती तीन वेगळी असावी लागतात. तिच्याबाबतीत एकच दार तिन्हींना.

मित्र म्हणाल तर एकच : वयस्कर, घराबाहेर न पडणारे मिस्टर ब्रंडिश. पुस्तकातला सर्वात क्रूर प्रसंग त्यांचा आहे. प्रकृती बरी नसताना ते मिसेस गामार्टकडे जातात, या बाईला सुखानं राहू द्या असं सांगायला. काही उपयोग होत नाही. परतताना ते कोसळतात, मरतात. आणि मग जनरल गामार्ट सांत्वनाला म्हणून दुकानात येतात आणि फ्लॉरेन्सला सांगतात की ब्रंडिश माझ्या पत्नीचं अभिनंदन करायला आले होते. खरं काय ते वाचकाला ठाऊक, फ्लॉरेन्सला नाही. तिच्यासाठी कोणी उभं राहिलं होतं, हीसुद्धा मिळकत तिच्या हातून जाते. कांटला आमचा प्रश्न इथं आहे. ब्रंडिश यांची सदिच्छा शाबूत राहिली, मान्य. पण जिच्यासाठी ती होती तिला ती पोहोचलीच नाही, उलटी होऊन पोहोचली. हा तोटा कोणाच्या खात्यावर मांडायचा?

२०१७ साली इसाबेल कोइशेत यांनी या कादंबरीवर चित्रपट केला. एमिली मॉर्टिमर, बिल नाय, दोघांची कामं उत्तम. पण शेवट बदलला. क्रिस्टीन त्या घराला आग लावते आणि मोठेपणी स्वतः पुस्तकाचं दुकान चालवते. प्रेक्षकाला बरं वाटतं. आम्हाला ही भेसळ वाटते. आग लागली की न्याय झाल्यासारखं वाटतं, आणि मायलोची सही, भाच्याचं विधेयक, ओलीचा दाखला, सगळं विसरायला होतं. शिवाय क्रिस्टीनला वारस करून दिग्दर्शिकेनं ती मुलगी हिरावूनच घेतली. कादंबरीतली क्रिस्टीन इलेव्हन-प्लस परीक्षेत नापास होते, आणि तिथल्या व्यवस्थेत त्या वयात त्याचा अर्थ काय हे तिच्या आईला नेमकं कळतं. दुकानातल्या कामामुळे असं झालं का, हा प्रश्न फ्लॉरेन्सच्या माथी येतो. चांगुलपणाचीही किंमत दुसऱ्या कोणालातरी मोजावी लागली असेल, ही शंका लेखिकेनं मिटवलेली नाही. चित्रपटानं ती पुसली.

कादंबरीच्या शेवटी फ्लॉरेन्स बँकेचं देणं भागवून गाव सोडते. जवळ पुस्तकं दोनच, एव्हरीमन मालेतली, त्यातलं एक रस्किनचं. गाडीत ती मान खाली घालून बसलेली आहे. तिला लाज वाटते. राग नाही, लाज! आपण दहाएक वर्षं जिथं राहिलो त्या गावाला पुस्तकाचं दुकान नको होतं, याची. विद्यार्थी नेहमी विचारतात, सर, लाज तिला का, गावाला का नाही? आमचं उत्तर असं की लाज वाटायला आपण त्या गावाचे आहोत असं मानावं लागतं. हार्डबरोत तसं मानणारी तीच उरली होती.

पुढच्या शनिवारी याच लेखिकेची ‘ऑफशोर’ घेऊ, १९७९ची, जिला बुकर मिळालं. थेम्सवरच्या नावांमध्ये राहणाऱ्या माणसांची गोष्ट. जमल्यास वाचून या.